माशाचा लगाम कोणाच्या हाती?

प्रश्न : आम्ही कर्वेनगरला राहतो. खडकवासल्यातून पाणी सोडले की राजाराम पुलाच्या बाजूला नदीकाठी माणसे गळ आणि जाळी घेऊन येतात. विचारले तर म्हणतात, ‘मासा चढायला लागलाय.’ पाऊस आला हे माशाला कळते कसे? दुसरे असे की माझा मामेभाऊ भिगवणजवळ शेततळ्यात मासे पाळतो. तो सांगतो, माशांनी अंडी घालावीत म्हणून जे इंजेक्शन देतात त्यात आपली उलटीवरची गोळी असते. हे खरे की त्याची नेहमीची थट्टा? आणि तिसरे, माशाच्या मेंदूवर आयुष्यभर संशोधन केलेले एक शास्त्रज्ञ पुण्यात आहेत असे मुलीकडून कळले. ती बारावीला आहे आणि सध्या तिला दुसरे काही सुचत नाही. माशाच्या मेंदूत आयुष्यभर पुरण्याजोगे आहे तरी काय?
— एक वाचक भगिनी, कर्वेनगर, पुणे

उत्तर : मामेभावाच्या गोळीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांकडे जाणारी वाट तिथूनच निघते. तो थट्टा करत नाही. मत्स्यबीज केंद्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘ओव्हाप्रिम’ या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये दोन घटक असतात. सामन माशाच्या मेंदूतल्या एका संप्रेरकाची कृत्रिम नक्कल २० मायक्रोग्रॅम, आणि डॉम्पेरिडोन १० मिलिग्रॅम. डॉम्पेरिडोन म्हणजे मळमळ-उलटीवर डॉक्टर लिहून देतात तेच. त्याची नेहमीची गोळीसुद्धा १० मिलिग्रॅमचीच असते. किलोभर वजनाच्या मादीला साधारण अर्धा मिलिलिटर औषध टोचतात, म्हणजे अर्ध्या गोळीइतके डॉम्पेरिडोन. मात्र भावाला सांगून ठेवा की औषधाच्या दुकानातल्या गोळ्या कुटून तळ्यात टाकण्याचा उद्योग करू नकोस. दुसऱ्या घटकाशिवाय या गोळीचा भरवसा नाही, आणि औषध माशाच्या अंगात जावे लागते, पाण्यात नव्हे.

आता, मासा काही उलट्या करत बसत नाही. मग ही गोळी त्याला कशासाठी? डॉम्पेरिडोनचे काम एवढेच, की डोपामीन या रसायनाला त्याच्या ठरलेल्या जागी बसू द्यायचे नाही. आपल्या मेंदूतला उलटीची प्रेरणा देणारा भाग आणि आपले जठर, इथे डोपामीनची वाट अडली की मळमळ शमते. पण याच डोपामीनची एक नोकरी मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीतही चालू असते. तिथे ते दूध उतरवणाऱ्या प्रोलॅक्टिनला रात्रंदिवस आवरून धरते. म्हणून हे औषध घेणाऱ्या काही स्त्रियांना बाळंतपण नसतानाही दूध येते. (औषध आपल्या मनाने घेऊ नये याचे हेही एक कारण.) माशाच्या पीयूषिकेतही डोपामीन आवरून धरते, पण वेगळ्या संप्रेरकाला. अंडी पक्व करून ती सुटी करायला लावणारे ‘एलएच’ नावाचे संप्रेरक तिथे अडकलेले असते. गोळी गेली की ती अडवणूक संपते.

या अडवणुकीने मत्स्यशेतकऱ्यांना किती काळ छळले, हे भिगवणच्या जुन्या माणसांना विचारा. कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प कुळातले, मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे. तळ्यात ते पोसतात, जूनपर्यंत मादीचे पोट गाभोळीने तट्ट फुगते, आणि मग काहीच घडत नाही. वाहते पाणी नाही, पूर नाही, तर अंडीही नाहीत. पावसाळा सरतो तशी ती गाभोळी आतल्या आत जिरून जाते. म्हणून पूर्वी बंगालच्या नद्यांत पुराच्या दिवसांत जाळी लावून बीज गोळा करत आणि ते रेल्वेने देशभर जाई. त्या बिजात कटला किती आणि कटल्याच्या पिल्लांना खाणारे मासे किती, याचा उलगडा तळ्यात सोडल्यावर बऱ्याच दिवसांनी व्हायचा.

यावरची पहिली वाट पीयूषिकेतूनच निघाली. अर्जेंटिनाच्या बर्नार्दो उसाय यांनी १९३० साली एका माशाची पीयूषिका काढून तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून पाहिला. ब्राझीलमध्ये रोडॉल्फो फॉन इहेरिंग यांनी १९३४ मध्ये त्याच युक्तीने माशांना अंडी घालायला लावली. आपल्याकडे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांना ओडिशातल्या अंगुल इथे १० जुलै १९५७ रोजी कार्प माशांमध्ये यश आले. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळे. कृती अशी : बाजारात आलेल्या माशांची डोकी उघडून पीयूषिका काढायच्या, अल्कोहोलमध्ये टिकवायच्या, लागतील तेव्हा खलून संध्याकाळी नर-मादीला टोचायच्या आणि त्यांना हाप्यात, म्हणजे पाण्यात ताणलेल्या कापडी कप्प्यात, सोडायचे. पहाटेपर्यंत अंडी पडतात. पद्धत चालली, पण होती अंदाजपंचे. कोणत्या ग्रंथीत किती जोर आहे हे सांगता येत नसे, कारण ती कोणत्या माशाची, कोणत्या महिन्यातली, नीट टिकवलेली की उन्हात राहिलेली, यावर सगळे अवलंबून. शिवाय या युक्तीत मेंदूला विचारायचेच नव्हते. तयार एलएच बाहेरून आणून ओतले, काम झाले. माशाच्या स्वतःच्या पीयूषिकेत ते असूनही बाहेर का येत नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

१९७१ मध्ये अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमिन या अमेरिकेतल्या दोन प्रतिस्पर्धी शास्त्रज्ञांनी, एकाने डुकरांच्या आणि दुसऱ्याने मेंढ्यांच्या मेंदूंचे अक्षरशः ढीग उपसून, पीयूषिकेला हुकूम देणारे मेंदूतले संप्रेरक ओळखले. ते जीएनआरएच. अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. १९७७ च्या नोबेल पुरस्कारात दोघांचाही वाटा होता. सामन माशातली त्याची आवृत्ती १९८३ मध्ये उलगडली. दहापैकी दोनच दुवे वेगळे. तेव्हा हे सरळ कार्पला टोचावे आणि मोकळे व्हावे असे वाटणे साहजिक होते. पण नुसत्या जीएनआरएचने कार्प म्हणावा तसा बधेना.

याचे कारण कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर यांनी गोल्डफिशवर दाखवून दिले. मेंदूचा एक छोटासा भाग त्यांनी निकामी केला, तर एलएच कमी होण्याऐवजी वाढले. म्हणजे तो भाग हुकूम देणारा नव्हता, हुकूम रोखणारा होता, आणि रोखण्याचे रसायन होते डोपामीन. घोड्याला टाच मारायची आणि लगामही खेचून धरायचा असा प्रकार. जीएनआरएच ही टाच, डोपामीन हा लगाम. टाच कितीही मारा, लगाम सैल झाल्याशिवाय कार्प हलत नाही. पीटर आणि चीनचे लिन हाओरान यांनी मिळून दोन्ही एकत्र दिले, टाचेसाठी जीएनआरएचची नक्कल आणि लगाम सोडवण्यासाठी डॉम्पेरिडोन. दोघांच्या आडनावांवरून ती ‘लिनपे पद्धत’ झाली, आणि आपल्या मामेभावाच्या हातातली बाटली तिचीच नात. सगळ्याच माशांना हा लगाम नसतो, हेही सांगायला हवे. अटलांटिक क्रोकरसारख्या काही सागरी माशांत डोपामीनची अडवणूक आढळली नाही. कार्प आणि मांगूर मात्र लगामाचे पक्के.

इथपर्यंतची कथा अर्जेंटिना, अंगुल आणि अल्बर्टाची. आपल्या मुलीने ज्यांच्याबद्दल ऐकले ते बहुधा प्रा. निशिकांत सुभेदार असावेत. नागपूर विद्यापीठात दीर्घकाळ आणि नंतर पाषाणच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत त्यांनी काम केले. त्यांच्या कामाचा मोठा भाग एका प्रश्नाभोवती फिरतो. टाच आणि लगाम आहेत हे ठीक, पण ते धरणारे हात मेंदूत नेमके कुठे आहेत आणि त्या हातांना कोण काय सांगते?

सुरुवात माशापासून झाली नव्हती. नागपूरला पी. डी. प्रसाद राव यांच्याबरोबर १९७७ मध्ये त्यांनी सरड्याच्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींच्या मांडणीचा नकाशा प्रसिद्ध केला. १९८१ मध्ये नागाचा. हायपोथॅलॅमस म्हणजे मेंदूचा तळमजला. भूक, तहान, झोप, प्रजनन यांचा कारभार तिथून चालतो. असे नकाशे वाचायला कोणी कादंबरी म्हणून घेणार नाही, पण पुढच्या सगळ्या इमारती त्यांच्यावरच उभ्या राहतात. मग आला मांगूर. शोधनिबंधांत त्याचे नाव क्लेरियस बॅट्राकस असे आहे. भारतातल्या मांगूराला आता क्लेरियस मागूर असे वेगळे नाव दिले जाते. हवेतूनही श्वास घेणारा, बादलीभर पाण्यात जिवंत राहणारा हा चिवट मासा प्रयोगशाळेला सोयीचा. शिवाय त्याचे वर्ष आपल्या ऋतूंवर बेतलेले असते. हिवाळ्यात विश्रांती, फेब्रुवारी-मार्चपासून तयारी, मे-जूनमध्ये भर आणि जुलै-ऑगस्टमध्ये अंडी.

१९८९ चा एक प्रयोग मला फार आवडतो, म्हणून जरा थांबतो. माशाच्या आणि आपल्या शरीररचनेत एक मोठा फरक आहे. आपल्याकडे हायपोथॅलॅमस आपली रसायने एका खास रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात सोडतो आणि ती वाहत पीयूषिकेत पोचतात. बहुतेक हाडाळ माशांत ही मधली व्यवस्था नाही. मेंदूतल्या चेतापेशींचे तंतूच थेट पीयूषिकेत शिरलेले असतात. म्हणजे कोणती पेशी कोणाला हुकूम देते हे रक्तात शोधायला नको, तंतू पकडून मागे मागे गेले तरी चालते. एन. एस. रामकृष्ण आणि सुभेदार यांनी तेच केले. हॉर्सरॅडिश या झणझणीत कंदात पेरॉक्सिडेज नावाचे एक विकर असते. ते मांगूराच्या पीयूषिकेत सोडले. तंतूंची टोके ते शोषून घेतात आणि तंतूतूनच उलट वाहून मूळ पेशीच्या पोटापर्यंत नेतात. नंतर मेंदूचे पातळ काप घेऊन विशिष्ट रसायन घातले की ज्या पेशींत विकर पोचले त्या रंगून उठतात. त्या रंगल्या म्हणजे त्यांचे हात पीयूषिकेपर्यंत पोचतात. बाकीच्या बिनरंगी पेशी त्या कारभारात थेट नाहीत. माशाच्या मेंदूत लगाम धरणारे हात असे एकेक करून उजेडात येतात.

त्याआधी, १९८७ मध्ये, याच गटाने आणखी एक गोष्ट तपासली होती. बीजांडकोशात दाब वाढला की मेंदूतल्या ‘न्यूक्लियस प्रीऑप्टिकस’ या भागातल्या स्रावी पेशी त्याला प्रतिसाद देतात. आपण धरून चालतो की मेंदू हुकूम देतो आणि अवयव ऐकतात. इथे गाभोळीने भरलेले पोट मेंदूला आपली खबर देत होते. पुढच्याच वर्षी मांगूराच्या मेंदूत आणि पीयूषिकेत जीएनआरएच कुठे कुठे आहे याचा नकाशाही आला.

नाकाची गोष्ट त्याहून अजब. जीएनआरएच बनवणाऱ्या पेशी आपल्या मेंदूत जन्मतच नाहीत. उंदराच्या भ्रूणात त्या नाकाच्या जागी तयार होऊन मग मेंदूत चालत जातात, हे १९८९ मध्ये दिसून आले. माणसात हा प्रवास फसला तर वयात येणे अडते आणि वासही येत नाही. त्या विकाराला कालमन सिंड्रोम म्हणतात. माशात नाक आणि प्रजनन यांचा संबंध तर उघडाच आहे. मादी गोल्डफिश अंडी सोडायच्या आधी काही तास पाण्यात आपल्या संप्रेरकांचा अंश सोडते. तो नराच्या नाकात गेला की नराचे एलएच वाढते. त्यामुळे नागपूरच्या गटाने मृगळ माशाच्या नाकातल्या पेशी, तिथून मेंदूकडे जाणारे तंतू आणि ‘नर्व्हस टर्मिनॅलिस’ ही दुर्लक्षित चेता यांच्यावर नजर वळवली. मादी मृगळाच्या नाकातल्या पेशींत आढळणारे जीएनआरएचसारखे द्रव्य प्रजननाच्या टप्प्यांनुसार बदलते, असे त्यांच्या २००३ च्या निबंधात आहे. ही पेशीव्यवस्था पिल्लाच्या अवस्थेपासून कशी घडत जाते याचा माग त्यांनी २००५ मध्ये घेतला. नाक हे नुसते खाणे हुंगण्यासाठी नाही, वर्षाचा कोणता महिना चालू आहे हे ओळखण्यात नाकाचाही वाटा आहे, असे मानायला यामुळे आधार मिळाला.

मग खाण्याकडे. सस्तन प्राण्यांत न्यूरोपेप्टाइड वाय, संक्षेपाने एनपीवाय, हे भूक चाळवणारे रसायन. १९९५ मध्ये उंदरांच्या मेंदूत सापडलेले ‘कार्ट’ बरोबर उलट, भूक मारणारे. कोकेन आणि अँफेटॅमिन दिल्यावर ते वाढते म्हणून त्याला असे विचित्र नाव पडले. सुभेदार यांच्या गटाने ही दोन्ही रसायने मांगूराच्या मेंदूत शोधली आणि ती प्रजननाच्या कारभारात जागोजागी गुंतलेली आढळली. एनपीवाय जीएनआरएचच्या पेशींशी आणि पीयूषिकेतल्या एलएचच्या पेशींशी जोडलेले. कार्टचे प्रमाण मादीच्या प्रजनन-टप्प्यांबरोबर बदलते. उपास, ग्लुकोज, इन्शुलिन, लेप्टिन यांनाही कार्टच्या पेशी दाद देतात. थोडक्यात, खाण्याचा हिशेब आणि पिल्लांचा हिशेब मेंदूत वेगवेगळ्या वह्यांवर लिहिलेला नाही. ते शहाणपणाचेही आहे, कारण गाभोळी भरायला मादीच्या अंगचे बरेच काही खर्ची पडते. उपाशी मादीने त्या भानगडीत न पडलेलेच बरे.

यातून बाजारात एखादे नवे इंजेक्शन आले का, असे कोणी विचारेल. आले नाही. इंजेक्शनचे श्रेय अल्बर्टा आणि चीनकडे जाते, आणि ते तसेच राहू द्यावे. पुणे-नागपूरच्या शास्त्रज्ञांविषयी लिहिताना सगळा शोध आपल्याच गल्लीत लागला असे भासवण्याची आपल्याला फार हौस. नागपूरचे काम वेगळ्या जातीचे आहे. औषध का चालते, कोणत्या तंतूवर चालते आणि उपाशी माशावर ते तितकेच चालेल का, असे प्रश्न विचारता येण्याजोगा नकाशा त्यातून मिळाला. करदात्यांच्या पैशातून हे व्हावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘हो’ असेच आहे.

आता कर्वेनगरचा पाऊस. माशाच्या मेंदूत पाऊस मोजणारा एकच भाग नाही. तयारीची घडी दिवसाच्या लांबीने आणि पाण्याच्या तापमानाने लागते, म्हणून फेब्रुवारीपासून गाभोळी भरू लागते. जूनमध्ये सगळे सज्ज असते, लगाम तेवढा खेचलेला. शेवटचा इशारा एकदम अनेक वाटांनी येतो. पाणी थोडे गार होते, गढूळ होते, वाहू लागते, त्यातले क्षार पातळ होतात, काठ बुडून नवे खाणे मिळते आणि शेजारच्या सज्ज माद्यांचा वास त्यात मिसळतो. यांतला कोणता इशारा निर्णायक, हे जातीजातीवर अवलंबून आहे. पण पूर हाच मोठा भाग, याचा पुरावा शास्त्रज्ञांच्या आधी पश्चिम बंगालमधल्या बांकुरा-मिदनापूरच्या शेतकऱ्यांकडे होता. तिथे उतारावर बांध घालून केलेल्या उथळ तळ्यांत पहिल्या जोरदार पावसाचे पाणी घुसले की एरवी तळ्यात न विणारे कार्प तिथेच अंडी घालत. नदी लागली नाही, पुराचे पाणी लागले. आपल्याकडे कोकणात वलगण म्हणतात आणि घाटावर चढणीचा मासा म्हणतात, ती याच पाण्यामागची धाव.

कर्वेनगरच्या माशाची अडचण मात्र खास पुणेरी आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला, चार धरणे वरच्या अंगाला बसलेली. जूनचा पाऊस घाटात पडतो आणि धरणांत साठतो. राजाराम पुलाखाली मोठे पाणी येते ते खडकवासला भरून दरवाजे उघडल्यावर, बहुधा जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये. मधल्या काळात ओढ्या-नाल्यांचे पाणी येते, त्यात शहराचे सांडपाणी किती असते हे आपण पुलावरून रोज हुंगत असालच. म्हणजे मुठा नदीतल्या माशाला पाऊस आभाळ देत नाही, पाटबंधारे खाते देते. आणि हा मासा चढून चढून जाणार कुठे, तर खडकवासल्याच्या भिंतीपर्यंत. गळ टाकणाऱ्यांना जे मिळते ते सगळे चढणीचेच असते असेही नाही. आफ्रिकेतून आलेली टिलापिया पूर येवो न येवो, वर्षातून अनेकदा विते आणि अंडी तोंडात धरून सांभाळते. धरणांच्या काळात तिचे फावले यात नवल नाही. योगायोग असा, की नागपूरच्या गटाने टिलापियाच्या नरावरही काम केले. वृषण काढल्यावर आणि टेस्टोस्टेरॉन परत दिल्यावर मेंदूतल्या एनपीवायमध्ये काय फरक पडतो, यावरचा निबंध २००५ चा आहे.

आपल्याच नदीतला एक मासा मात्र इंजेक्शनशिवाय मार्गाला लागला. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला. त्यात वर्णन केलेला महसीर, म्हणजे आजचा टॉर खुद्री, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला. तो दुर्मीळ होऊ लागल्यावर लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास त्याची पैदास सुरू केली, आणि पुढे एस. एन. ओगले यांनी ती वाढवली. तिथली युक्ती साधी. पावसाळ्यात ओढ्यांच्या तोंडाशी चढणीला आलेले नर-मादी पकडायचे आणि हाताने मादीची अंडी आणि नराचे वीर्य काढून मिसळायचे. पुराचे पाणी पिऊन आलेल्या त्या माशांचा लगाम निसर्गानेच सोडलेला असे. वळवणच्या त्या केंद्रातली महसीरची बोटुकली नंतर इतर राज्यांतही गेली.

पुण्यात आल्यावर सुभेदार यांच्या कामाने वळण घेतले. आयसरमध्ये अर्णब घोष यांच्या गटाबरोबर त्यांनी झेब्राफिश हा बोटाच्या पेराएवढा पट्टेदार मासा हाती घेतला. त्याच्या मेंदूत कार्टची एक नव्हे, चार जनुके आहेत आणि ती वेगवेगळ्या जागी काम करतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पोट रिकामे असताना नाकातल्या पेशी अन्नाच्या वासाला किती दाद देतात हे एनपीवाय ठरवते, असे २०२१ च्या निबंधात आहे. भूक लागली की शेजारच्या घरातली फोडणी नाकाला अधिक जाणवते, त्यामागे काही असलेच तर त्याचा एक धागा इथे सापडू शकतो. दुसरीकडे, नागपूरच्या सहकाऱ्यांसोबत उंदरांवरचे काम चालू राहिले. मॉर्फिनची चटक लागताना मेंदूतल्या ‘न्यूक्लियस अॅकम्बन्स’ या भागात कार्ट डोपामीनच्या पुढच्या टप्प्यावर काम करते, असे २०१२ मध्ये त्यांनी मांडले. माशाच्या पीयूषिकेत अंडी अडवणारे डोपामीन व्यसनाच्या वाटेवर पुन्हा भेटले ते असे. उंदराच्या मेंदूवर नजर ठेवणाऱ्या माणसाला माशाचा अनुभव किती उपयोगी पडला असेल, हे तेच सांगू शकतील. पण कार्ट कुठे बघायचे, कसे रंगवायचे आणि उपाशी व तृप्त मेंदूत फरक कसा ओळखायचा, ही सगळी सवय मांगूरापासून आलेली होती, असे त्यांच्या निबंधांची क्रमवारी पाहताना जाणवते.

आता मुलीबद्दल, कारण खरा प्रश्न तोच आहे असे मला वाटते. सरडा, नाग, मांगूर, मृगळ, टिलापिया, झेब्राफिश, उंदीर, हा एका शास्त्रज्ञाचा प्रवास. त्यात अमेरिकेतल्या किलिफिशचाही एक निबंध आहे, १९९६ चा. आयुष्यभर एकच मासा बघत बसावे लागते, ही भीती तिच्या किंवा आपल्या मनात असेल तर ती काढून टाका. मेंदू आणि रसायन यांत गोडी असेल तर आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आयसरची स्वतःची अभिवृत्ती चाचणी द्यावी लागते, आणि पाषाण कर्वेनगरहून लांब नाही. माशांत, तळ्यांत, बिजात रस असेल तर बी.एफ.एससी. करता येते. रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर आणि उदगीर इथे मत्स्य महाविद्यालये आहेत. पुढचे शिक्षण मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत मिळते. प्राणिशास्त्राच्या साध्या बी.एससी.तूनही ही वाट लागते, आणि ती पुण्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांत आहे. निर्णय घेण्याआधी तिला जुलैमध्ये आपल्या मामेभावाबरोबर एक रात्र मत्स्यबीज केंद्रात काढू द्या. संध्याकाळी टोचायचे, रात्रभर जागायचे आणि पहाटे हाप्यात हात घालून पाहायचे. तिथे कंटाळली नाही तर नाव नोंदवायला हरकत नाही.